नैसर्गिक प्रेमापोटी

यावलच्या तहसील कचेरीबाहेर, लिंबाखाली
माझं टेबल. एक पाय आखूड, खाली विटेचा तुकडा.
मशीनचा ‘ळ’ अर्धाच उमटतो.
केळीच्या वावरांचे कागद माझ्याकडून गेले
ते सगळे पेनानं दुरुस्त होऊन.

सिंधू नेहेते पहिल्यांदा आली
तेव्हा वाटलं, उत्पन्नाचा दाखला हवा असेल.
फैजपूरला कॉलेजात इतिहास शिकवायची.
हातात स्टीलचा डबा,
डब्यात भाकरीऐवजी कोरी कार्डं.
म्हणाली, हक्कसोडपत्रं मोजायचीयत.
मी हसले. त्यात मोजायचं काय, बाई?
बहिणी येतात, अंगठा देतात, साडी घेऊन जातात.

“किती बहिणी?” तिनं विचारलं.
“आणि कुठल्या महिन्यात?”

एकोणीस वर्षं मोजत राहिली.
निबंधकाच्या दप्तरखोलीत पंखा नव्हता,
कार्डांवर घामाचे ठसे उठायचे.
कारकून तिला ‘अंगठेवाली’ म्हणत;
तीही टपरीवर तेच नाव सांगून
चहा उधार घ्यायची.
एकदा माझ्या टेबलावर तिनं आलेख पसरला:
अकरा महिने तापीकाठासारखे सपाट,
आणि आखाजीनंतरच्या पंधरवड्यात
एकदम सातपुडा.
लेकी माहेरी आलेल्या. झोके बांधलेले.
सांजोऱ्या खाऊन झाल्या की भाऊ म्हणायचा,
चल ताई, जरा यावलला जाऊन येऊ,
गाडी आणलीय.

सभेतून तिच्या खुर्च्या उचलून नेल्या लोकांनी.
बाया खाली बसल्या.
खाली बसायची कुणाला सवय नव्हती?

मग तिनं स्वतःच्या हिश्शाचा दावा लावला.
बारा वर्षं तारखा.
निकालात साडेतीन बिघे, विहिरीचा चौथा वाटा.
“जमीन आली,” म्हणाली, “आखाजी गेली.”
आणि डब्याचं झाकण लावायला
तिला फार वेळ लागला.
पुढं त्या दिवशी ती माझ्याकडं यायची.
कचेरीला सुट्टी, कुलूप लागलेलं,
लिंबाखाली आम्ही दोघी,
वाटीत कोमट झालेला आमरस.

प्रबंध मीच टाइप केला, पानाला दीड रुपया.
परिशिष्ट तीन, नावं गाळून दस्तांची यादी.
क्रमांक ६१४:
लिहून देणार, वय तेवीस, साक्षर.
मोबदला साडी एक, रुपये एकशे एक.
शेरा: दस्त लिहून देणारीने स्वतःच टंकलिखित केला.
‘ळ’ अर्धवट.

मशीन थांबलं.
कधी सापडलं हे तुला?
“पहिल्याच आठवड्यात.”
मग बोलली का नाहीस?
“तू हसली होतीस ना,” ती म्हणाली. “म्हणून.”

केळीचा चीक लुगड्यावर पडतो
तेव्हा पाण्यासारखा असतो.
धुतल्यावर काळा होतो.

पौषात गेली ती.
आता माझ्याकडं संगणक आहे, ‘ळ’ पूर्ण उमटतो.
मसुदा तयारच असतो, नावं तेवढी बदलायची;
नैसर्गिक प्रेमापोटी, राजीखुशीने,
कोणाच्याही दबावाला बळी न पडता,
हे सगळं एका बटनावर येतं.
एवढं मात्र करते,
सहीआधी मोठ्यानं वाचते.
सावकाश, गट नंबर, चतुःसीमा,
पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण,
विहिरीत किती.

परवा एक पोरगी आली, हिंगोण्याची,
हातांवरची मेंदी अजून लाल.
भाऊ गाडी चालूच ठेवून उभा.
मी वाचलं.
तिनं पेन उचललं, टोपण काढलं,
टोपण परत लावलं.

“विहिरीपासून पुन्हा वाचा,” म्हणाली.

भावानं घड्याळ पाहिलं.
मी चष्मा पुसला,
आणि विहिरीपासून वाचायला लागले.