क्लच वायर

परिंच्याच्या पुढे दोन वळणं,
आणि डाव्या मुठीत काहीतरी सैल झालं.
तुटताना साधा आवाजही नाही केला वायरनं.
सीडी हंड्रेड, एक्क्याण्णवची. आधी सुधन्वाची, मग आमची,
वाटणीत माझी. त्यानं फ्रिज नेला.
गाडीला टाकीखाली गंज, मला त्रेपन्नावं.
दोघींची कागदपत्रं जिथल्या तिथे.

ऑक्टोबरातलं ऊन, पाठीवर कुणी तवा धरल्यासारखं.
गवत कुसळांवर आलेलं,
दसऱ्याला न खपलेला झेंडू वावरातच काळा पडत चाललेला,
आणि अर्ध्या रस्त्यावर घेवडा पसरलेला,
येणाऱ्याजाणाऱ्या टायरांनी मळून निघावा म्हणून.
मी कडेनं जपून काढत होते,
तर बाभळीखालून हाक: "वरनं घाला की!"
घातली. शेंगा तडतडल्या.
"हलकीय गाडी," म्हणाली, जरा नाराजच. "ट्रकच पायजे."
तिच्याशी बोलायला म्हणून क्लच दाबला, तर हे असं.
बंद पडले भर घेवड्यात.

मथुरा झुरंगे. सुतळी आणली, कुंपणाची तार आणली,
पोराच्या सायकलची ब्रेकवायरसुद्धा.
घरातलं लांबडं म्हणून जे जे होतं ते सगळं लावून पाहिलं,
काहीच बसेना. मग पदर खोचला.
"ढकलते. पुढं कसं करणार?"
"न थांबता जाईन."
"आन थांबावं लागलं तर?"
मी हेल्मेट चढवलं.
एकटीच का, हे तिनं विचारलं नाही.
ढकलण्याइतकेच त्याचेही उपकार.

दुसऱ्या गिअरमध्ये धडपडत उठली गाडी.
क्लच नसला की ऐकावं लागतं.
ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन एक क्षण श्वास टाकतं,
तेवढ्यात पायानं हळूच विचारायचं: जाऊ का वर?
चुकलं की खर्र.
जमलं की दार आधीच लोटलेलं असतं.
चोवीस वर्षं मी गिअर टाकत आले
तिला काही न विचारता.

सासवडात नेमका बाजार.
सीताफळांच्या पाट्या डांबरावर आलेल्या, वास असा की
पोटात खड्डा. "सरका, सरका, थांबता येत नाही!"
माणसं सरकली. एकानं तर हातातली कोंबडी छातीशी धरली.
"शंभरला वाटा, ताई!" "परतताना घेईन!"
परतच तर चालले होते.

मग चांबळी. ओढ्याशी हवा अचानक गार,
रांजणात तोंड घालून ओ द्यावी तशी.
चढाला पुन्हा कोमट,
कातळ दिवसभराचं ऊन सुट्टं करून देत होता.
भिवरीपाशी चिलटं, काचेवर, दातांत.
जोंधळा नुकता वर आलेला, अंधारातही कळत होता
ओल्या मातीच्या वासावरून.

बोपदेवच्या माथ्यावर ती टपरी.
तिथे आम्ही नेहमी थांबायचो, भांडलेलो असलो तरी.
थांबून भांडायचो, असंही म्हणता येईल.
आज नुसता हात केला.
टपरीवाला ग्लास विसळता विसळता बघत राहिला.
खाली पुणं, सगळे दिवे लागलेले,
आणि मी उतारावर तिसऱ्यात,
आयुष्यात पहिल्यांदा चहावाचून.

खडीमशीन चौकात लाल.
पिवळ्याची वाट पाहिली, देवाची पाहिली, शेवटी बंद पडले.
मागे हॉर्नचा कल्लोळ.
शेजारी रिक्षा लागली. "काय, पेट्रोल?"
"क्लच वायर."
"कुठून येताय अशा?"
"परिंच्याहून."
त्यानं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.
"धरा हँडल. पाय लावतो."
आणि बिबवेवाडीपर्यंत त्याची चप्पल माझ्या फुटरेस्टवर,
दोन मुकी वाहनं, एकच इंजिन.
पैसे घेतले नाहीत. वर म्हणाला, गाडी विका.

रात्री जेवतानाही डावा हात मिटत होता, उघडत होता,
कशालाच न जोडलेला.
चेनकव्हर झाडलं तर घेवड्याचे अकरा दाणे निघाले,
ग्रीसमध्ये माखलेले.
दोनदा धुतले. भिजत घातले.