कोरडी जागा

एकतीस वर्षं सीताबर्डीच्या बोळात
मी माणसांना निळ्या पडद्यासमोर बसवलं.
हनुवटी खाली. खांदे सरळ. हलू नका.
दोन्ही कान दिसले पाहिजेत.
मागे काही नको, सावलीसुद्धा नको.
गिऱ्हाईक उठून गेलं की
स्टुलाच्या लाल रेक्झिनवर एक खळगा राहायचा,
सावकाश भरून यायचा,
तेवढ्यात पुढचा.

आता दुकान भाच्याकडे
आणि मी जानेवारीत, सकाळी सव्वासहाला
गोरेवाड्याच्या फाटकाशी:
कानटोपी, दोन स्वेटर, बॅटरी काखेत.
थंडीत ती माझ्यासारखीच लवकर दमते.

सोबत फुलवंता मडावी,
खाकी शर्टावर नवऱ्याचा मरून स्वेटर.
सागाच्या वाळल्या पानावरून ती जाते
तर पानाला कळत नाही;
माझ्या पायाखाली नुसते पापड.

पहिल्या हिवाळ्यात मी जनावरांचेही पासपोर्ट फोटो काढले.
हातभर लेन्स. रोह्याचा चेहरा काठोकाठ,
पापणीचे केस मोजून घ्या,
दोन्ही कान.
मागचं रान पुसट, पडद्यासारखं गुळगुळीत.
छापून नेले, तिच्या हातात दिले.
तिनं एकेक उलटून पाहिला, पाठीमागूनही,
आणि म्हणाली,
"जनावर तं आलं जी.
त्याची थंडी कुठं गेली?"

मला राग आला. खरं सांगतो,
आठवडाभर गेलो नाही.
घरी संत्री सोलत बसलो, सालं खिडकीत वाळत घातली.

मग लहान लेन्स लावली.
मग मागं सरकायला शिकलो,
जे स्टुडिओत जमलंच नसतं, मागे भिंत होती.

चौकटीत तलाव आला, त्याच्या अंगावरची वाफ,
पलीकडे कोराडीच्या चिमण्या
(या उडत नाहीत, नुसता श्वास सोडतात)
आणि त्यांचा धूर धुक्यात कुठे मिसळला
ते ना मला सांगता येत, ना धुक्याला.
निष्पर्ण मोईवर संक्रांतीचा फाटका पतंग,
मांजावर दवाचे थेंब ओळीनं.
आधी मी हे सगळं कापलं असतं.
आणि खाली, पिवळ्या गवताच्या कडेला,
तिळाएवढा रोही.

कुमुदनं चष्मा लावला, काढला, पुसला.
"यात जनावर कुठंय?"
शोध म्हटलं.
तिनं तिळगुळाची वाटी फोटोवरच ठेवली
आणि शोधत राहिली.

आज काहीच आलं नाही.
टिटवी ओरडली, तीही आमच्यावरच.
दोन तास. थर्मासमधला चहा संपला,
बोटं कॅमेऱ्याची की माझी, कळेना.
ट्रायपॉड गुंडाळत होतो
तर फुलवंता थबकली, तळहात मागे करून मला थांबवलं.

सगळं गवत दवानं राखाडी,
आणि मधोमध एक लांबट, गडद, कोरडी जागा.
काड्या एकाच दिशेला निजलेल्या.
ती उकिडवी बसली,
पालथा हात तिथे टेकवला,
तान्ह्याचा ताप पाहावा तसा.

"आत्ताच उठून गेलं जी कोणी तरी."
कोण?
"काय माहीत. हात लावून पाहा ना."

मी हातमोजा काढला.
कोमट.

मग कॅमेरा खाली, गवताच्या उंचीवर.
तलाव घेतला, चिमण्या घेतल्या, पतंगही.
हलू नका म्हणायला कोणी नव्हतं.
ऊन त्या जागेपर्यंत आलं
तशी एक काडी उठली,
मग जरा वेळानं
दुसरी.
मी बटणावर बोट ठेवून होतो.
पुढचं कोणी यायचं नव्हतं.