दिवसातून एकदा

तीन श्रावणांमागे एका सकाळी
मी दोन डेलिलींचं लगीन लावलं.
नवरी पिवळी, पूर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरमधून मागून आणलेली.
नवरा काळपट लाल, पुण्याहून खोक्यात आला,
पानं छाटलेली, मुळांना ओला पेपर गुंडाळलेला.
भुवया कोरायच्या चिमट्यानं मी त्याचा एक केसर उपटला
(दुसरा चिमटा नव्हता घरात)
आणि टेकवला तिच्या लांब, वाकड्या जिभेच्या टोकाला.
मग देठाला दोरा बांधला,
ब्लाऊज शिवून उरलेला.

वरच्या गॅलरीतून त्र्यंबकमामी:
"हे फूल सांजच्याला मिटतंय की गं.
एका दिवसासाठी एवढं करायलीस?"
मी म्हटलं, हौ.

पन्नासाव्या दिवशी बोंड तडकलं.
आत अकरा बिया, मिऱ्याएवढ्या,
पण मिऱ्याला सुरकुत्या असतात,
ह्या गुळगुळीत. तळहातावर ठरेनात.

बियांना दीड महिना गारठा लागतो म्हणे.
परभणीत आश्विनात गारठा कुठून आणू?
आमचा फ्रिज केव्हाच गेलेला, त्यात आता कांदे असतात.
शेवटी ओल्या कापसात बिया, कापूस कुंकवाच्या डबीत,
आणि डबी घेऊन मुंदडा मेडिकल.

काउंटरवरच्या मुख्तारनं ती इन्सुलिनच्या शेजारी ठेवली.
"पेशंट कोण, बाजी?"
आणि सवयीनं वर चिठ्ठी चिकटवली:
दिवसातून एकदा, जेवणानंतर.

येता-जाता मी काचेतून डोकावायचे,
आयसीयूबाहेर बसलेल्या माणसासारखी.
एकदा चार तास लाईट गेली
तेव्हा रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला त्यानं.
पैसे सांगितले नाहीत.

पौषात श्रीखंडाच्या डब्यांत पेरल्या,
बुडाला तापल्या खिळ्यानं भोकं पाडून.
संक्रांतीला गवत उगवलं.
खरंच, गवतच दिसायचं ते.
सात होती. मेसखेड्याची नणंद दुपारी मुक्कामाला आली,
मी चहा टाकेपर्यंत तिनं त्यातली तीन निंदून काढली.
जन्मभर खुरपं धरलेला हात, रिकामा बसेना.
मी काही बोलले नाही. तीही मुळं बघून गप्प झाली.

मग दोन उन्हाळे.
टँकर आठव्या दिवशी.
तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं,
हात धुतलेलं पाणीसुद्धा तिकडेच.
हिरव्या जाळीखाली पानं पिवळी पडायची, झोपायची,
मी बोटानं माती उकरून बघायचे, कंद मऊ पडला का.
दोन मऊ पडले. एक वाळला, तो का ते कळलं नाही.

उरलेल्या एकाला ह्या श्रावणात दांडा आला.
दांड्यावर तीन कळ्या.

आणि नेमकी पहिली उमलली त्या दिवशी
मी जिंतूरला होते, मावसबहिणीच्या नातीच्या बारशाला.
परतताना बोरीजवळ एसटी पंक्चर.
रात्री सव्वानऊला कुलूप काढलं,
फूल चिंब रुमालासारखं स्वतःभोवती पिळून बसलेलं.
बोटाला नुसता चिकट पाणीपणा लागला.

मामी म्हणाल्या, भट्टीतून निघालेल्या विटेसारखं होतं.
मुख्तार दुपारी खास बघून गेलेला. फोनवर म्हणाला,
"हळदीच्या डागाला साबण लागतो ना बाजी, तसा रंग."
खालच्या घरातली गौतमी, वय सहा:
"आत घशात हिरवं होतं. कोणीच कसं सांगितलं नाही तुम्हाला?"
मामींनी फोटोही काढला होता.
त्यात त्यांचं बोट आहे
आणि उन्हाचा एक पांढरा तुकडा.

वहीत तारीख लिहिली.
आई, पूर्णा. बाप, पुणे.
रंग: ऐकीव.
नावाची जागा तशीच सोडली.

टॉर्च मारून बघितलं, दुसरी कळी फुगली आहे,
उद्या उमलेल की परवा, काही सांगता येत नाही.
मी खुर्ची ओढून कुंडीपाशी बसले,
पदराच्या गाठीतल्या
बारशाच्या घुगऱ्या खात.