वाटून घेतलेलं लेकरू

जालन्यात मोंढ्याच्या मागं माझं दुकान,
मोटार वाइंडिंगचं.
बोरच्या जळालेल्या मोटारी येतात,
त्यांचं काळं पोट उघडायचं,
तांब्याची तार नव्यानं भरायची, वेढे मोजत.
एक तार सुटली तरी मोटार नुसती गुरगुरते,
फिरत नाही.
एवढंच मला येतं.
म्हणून पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं
तेव्हा मी मागच्या बाकाकडं बघितलं,
माझ्या नावाचा दुसरा कुणी बसलाय का.

उपासना संपली होती. पोटं कोकलत होती.
ते म्हणाले, "तरुण लेकरं सतरा,
मी एकटा, वर चार गावच्या मंडळ्या.
वाटून घ्या."

अमोस उजागरे मात्र सगळ्यांनीच मागितला.
बाप सळईच्या ट्रकवर गेला तो गेलाच,
आई दवाखान्यात रातपाळीची आया.
लेमुएल मास्तर म्हणाले, गणित माझ्याकडं.
फिलेमोन म्हणाला, पेटी शिकवतो.
तबिथाबाई म्हणाल्या, रात्रीचं ताट माझं.
मी म्हणालो, दुकानात येऊ द्या की.
वहीत लिहिलं गेलं :
अमोस. जबाबदारी, मंडळी.
आम्ही टाळ्या वाजवल्या.

पोराचा हात स्थिर होता.
एकदा तार ओढता ओढता म्हणाला,
"काका, देव ऐकतो का?
का आपणच बोलायलोत?"
माझा एकशे बारावा वेढा चालू होता.
मी म्हणालो, मास्तरला विचार.
मास्तर म्हणाले, हे पाळकसाहेबांचं खातं.
पाळकसाहेब अंबडला, मातीला गेलेले.
तो प्रश्न घेऊन पोरगं
भर उन्हात सायकलवर फिरलं
आणि तसंच घरी गेलं.

उत्तम शुक्रवारच्या आधीचे चार दिवस
तो दिसला नाही.
मला वाटलं, मास्तरकडं असेल.
मास्तरला वाटलं, पेटीवर.
फिलेमोनला वाटलं, दुकानात.
तबिथाबाईंनी ताट झाकून ठेवलं, वाट बघितली,
मग मोटारवाल्याकडं जेवला असेल म्हणून
गल्लीतल्या कुत्रीला घातलं.
दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात.
आमच्या पाहुण्याला चार घरं होती.

गुरुवारी सांजच्याला त्याची आई आली शटरपाशी,
ड्युटीच्या साडीत.
"तुमच्याकडं आहे ना तो?"
त्या 'ना'चं काय करावं, मला कळेना.

सापडला तो देऊळगाव राजा रोडच्या वजनकाट्यावर.
थांबेल त्या ट्रकच्या दारावर थाप मारायचा,
बापाचं नाव सांगायचा,
ड्रायव्हर मान हलवायचे, काटा हलायचा,
ट्रक निघून जायचा.

तबिथाबाई माझ्या लुनावर मागं बसून आल्या होत्या,
मांडीवर डबा धरून.
पोराशेजारी धुळीतच बसल्या.
मी म्हटलं, आता या रागावणार.
त्या म्हणाल्या,
"माझा सिलास गेला त्याला अकरा वर्षं झाली.
मी बी रोज विचारते रे, ऐकतोस का म्हणून.
आजून उत्तर नाही.
पण भिंतीला कुणी अकरा वर्षं विचारतं का?
डबा उघड, भाकर वातड होईल."

हे मला सांगता आलं नसतं.
मास्तरलाही नाही, पेटीवरही वाजलं नसतं.
मी लुनाचा प्लग पुसत उभा राहिलो,
तो पुसायची काही गरज नव्हती.
निघताना एवढंच म्हणालो,
"शनिवारी दुकान तू उघड," आणि चावी दिली.

वहीतली ओळ अजून तशीच आहे.
फक्त रात्री फोन वाजतात.
"इथून निघाला."
"बरं."
"पोचला. जेवायलाय."
"बरं."
बोलणं एवढंच.

काल स्टुलावर बसून तार भरता भरता
अमोस म्हणाला,
"मला माहितीय, तुम्ही लोक फोन करता ते."
हसला नाही. रागावलाही नाही.
अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद...
मी गप्प राहिलो.
मोजताना मध्ये बोललं
की पहिल्यापासून मोजावं लागतं.