जांगड

खंभातचे अकीक, पाव किलो, सहाशे चाळीस.
पितळी तार मांडवीतून, तोळ्यावर नाही, वाटीवर.
हूक, कड्या, मेणदोरा.
डबी अकरा रुपयांची, आत घालायचा कापूस
घरातलाच, म्हणून शून्य.
(वातींच्या पुडीतून काढला. तोही लिहायला हवा होता.)
एका कंठ्याला माल एकशे बहात्तर.

पुढचा रकाना मजुरीचा.
इथे आलं की माझं पेन चालत नाही.

दोन तास दहा मिनिटं लागतात.
मध्ये कुकरच्या शिट्ट्या, गॅसवाला,
अप्पांच्या डोळ्यांत थेंब,
ते वजा केले तर दीड तास.
का वजा करायचे, असं विचारणारं कोणी नाही,
म्हणून मी करते.

रेवाबेन पोळ्यांचे तासाला नव्वद घेते.
दर सांगताना तिने माझ्याकडेच पाहिलं होतं.
मी मंगळबाजारात भाविनभाईंना दर सांगताना
त्यांच्या दुकानातल्या लाद्या मोजल्या.
काउंटरपर्यंत चौदा.

"बेन, हाताचं काम आहे, ते तर दिसतंच.
पण हाताचं म्हटलं की गिऱ्हाईक जास्त घासतं.
आम्हाला डबल लावावं लागतं, खोटं नाही बोलत.
भाडं, लाईट, दोन पोरं,
नवरात्र सोडलं तर दहा महिने माशा.
दोनशे चाळीस करा.
आणि बारा नग जांगड ठेवून जा."

जांगड शब्द मला नवा नव्हता.
आमच्याकडे लग्नात शालू जांगड यायचे.
पाच यायचे, एक राहायचा,
चार परत जायचे
घड्या मोडलेले.

ठेवून आले.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गेले तेव्हा
दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.
माझा कंठा काळ्या मखमलीच्या मानेवर,
अगदी पुढे.
चिठ्ठीवर साडेआठशे, खाली बारीक अक्षरात
त्यांची ती गुप्त लिपी. 'क' की 'फ' कळेना.
पण ते दोनशे चाळीसच असणार.
मागे हात घालून गाठ चाचपली.
तिसरी. दोनदा उसवलेली. माझीच.

पोरगा नवीन होता, ओळखलं नाही.
"कच्छचे कारागीर आहेत मॅडम, सात पिढ्यांचे."
मी विचारलं, करायला किती वेळ लागत असेल?
"वेळेचे कोण पैसे देतं? लूकचे आहेत.
तुमच्यासाठी सातशे."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
साडेसहाशे.

तो लगेच "घ्या" म्हणाला.

मी नाही घेतला.
न्यायमंदिरापर्यंत चालत आले
तरी कान तापलेलेच होते.
मी माझाच कंठा पाडून मागितला होता,
आणि किती सराईतपणे.

त्या रात्री शिट्ट्या वजा केल्या नाहीत.
गॅसवाला नाही, थेंबही नाहीत.
रेवाबेनच्या दराने एकशे पंच्याण्णव.
त्यापुढे तेवीस,
ज्या रकान्याला अजून नाव सुचलेलं नाही.
तीनशे नव्वद.

दिवाळीआधी भाविनभाईंना म्हटलं,
जांगड नाही. रोख. सहाच्या खाली नाही.
त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला, काहीतरी दाबलं,
पुसलं, पुन्हा दाबलं.
चहा मागवला नाही.
सहा घेतले.

सहा उरले. पिशवीत तारा टोचत होत्या,
म्हणून एक काढून गळ्यात घातला.
सिटीबसमध्ये शेजारची बाई म्हणाली,
छान आहे हो, केवढ्याला?
चारशेवर माझी जीभ अडखळली.
मग म्हटलं, साडेआठशे. मंगळबाजारात मिळतो त्याच भावात.
मी करते.

ती बघत राहिली.
मीही तिच्याकडेच बघत राहिले.
बसमध्ये मोजायला लाद्या नव्हत्या.