एकशे तीस रुपयांची बॅटरी

पलूसच्या बाजारात, कांद्याच्या ढिगाशेजारी
दस्तगीरनं पोत्यावर मांडल्या होत्या,
अंगठ्याएवढ्या.
खोक्यावर छापलेलं: हजार लुमेन, जलरोधक, एक किलोमीटर.
म्हटलं, एवढं खरं असतं तर तू पोत्यावर बसला असतास का?
म्हणाला, म्हणून तर काका, दीडशेची एकशे तीसला.

मे महिना. भिलवडीची कृष्णा तळाला टेकलेली,
घाटाच्या शेवटच्या पायरीवरचं शेवाळही वाळलेलं.
परीक्षा घ्यायची तर आत्ताच.
जुलैपासून नदी माझी घेते,
तासातासाला, रजिस्टरवर सहीनिशी.

पहिल्या रात्री न्हाणीत. दार लावून छताकडं रोखली.
मधोमध दुधी ठिपका, भोवती जांभळट कडं.
अक्काताई बाहेरून: आत काय शिनेमा लागलाय?

दुसऱ्या रात्री बादलीत, अर्धा तास.
जळत राहिली पाण्याखाली.
बाहेर काढली तर काचेच्या आतल्या बाजूला एक थेंब.
जलरोधक, मी वहीत लिहिलं, बहुतेक.

कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकली. तीनदा.
विझली. झटकली. पेटली.
आमच्या खात्याचीच आहे म्हणायची.

मग साडेनऊला लावून उंबऱ्यावर ठेवली.
साडेअकरापर्यंत तश्शी.
बारानंतर मात्र थापा मारायला लागली:
उजेड आहे असं वाटायचं,
मध्ये हात धरला तर हाताची सावली पडत नव्हती.
पावणेदोनला आधी कोण झोपलं, ती का मी, आठवत नाही.

भूपालअण्णांची तीन सेलची पितळी अजून खुंटीला आहे,
सेल सुजून आतच अडकलेले.
तिचा उजेड पिवळा, जड,
पैलतीराला जाऊन तुपासारखा चिकटायचा.
तिच्यावर त्यांनी चोवीस पावसाळे आकडे वाचले.
शेवटी डोळे गेले, तेव्हा पाण्याच्या आवाजावरून फूट सांगायचे.
अर्ध्या फुटानं चुकायचे.
मी माझ्या डोळ्यांनी बघून आकडा लिहायचो
आणि त्यांना म्हणायचो, बरोबर, अण्णा.

खरी चाचणी पट्टीवर.
अवसेच्या आदल्या रात्री वरच्या पायरीवर उभा राहून
पुलाच्या दुसऱ्या खांबावर धरली.
पांढरा रंग तेवढा भडकला, आकडे त्यात विरघळले.
दोन पायऱ्या डावीकडं सरकलो, तिरकी धरली,
तेव्हा कुठं रंगाचे पोपडे सावली टाकायला लागले
आणि ३२ दिसलं.
नाही. ३६.
सहाची शेपटी उडालेली.
चार फूट, म्हणजे
खालची आळी उठवायची का झोपू द्यायची, एवढाच फरक.
वहीत: लांबचा आकडा, नापास.

परतताना खालच्या आळीतनं आलो.
तानूमावशी अंगणात बाजेवर. झोत हलताना बघून उठून बसली.
"आलं का पाणी?"
मे महिन्यात. आभाळात चांदण्या, विहिरी आटलेल्या.
"न्हाई मावशी, बॅटरी बघतोय नवी."
"मग इझीव की बाबा. रातीचा उजेड हालाय लागला की
मी गाठोडं हुडकाय लागती."

विझवली.
बाज एकदा कुरकुरली, मग बराच वेळ नाही,
मग पुन्हा.

बॅटरी ठेवणार. रजिस्टर लिहायला चांगली आहे,
दातात धरता येते, दोन्ही हात मोकळे.
खात्याकडं रंगाचा डबा मागून तिसरं वर्ष.
घरच्या दाराचा काळा उरलाय थोडा,
वर साय धरलेला.
उद्या शिडी घेऊन जातो, सकाळच्या उन्हात,
सहाची शेपटी तरी काढून येतो.