शुक्रवारच्या आत

जूनमध्ये येल बेटावर रात्र होत नाही,
नुसती निळसर होते आणि पुन्हा उजाडायला लागतं.
बारा वाजता दिवा न लावता वाचता येतं.
मी वाचतेय.
सहाशे चाळीस पानं, हातात चार दिवस,
आणि सकाळी सहाला सामनच्या शेडमध्ये पाळी.

शुक्रवारी सिनेमाची लॉरी येणार.
बोटीतून उतरेल, शाळेमागच्या मैदानात उभी राहील,
बाजाच्या पेटीसारखी दोन्ही अंगांनी फुगेल;
आत ऐंशी खुर्च्या, पडदा,
आणि बेटावरचा जूनमधला एकमेव अंधार.

फिरत्या वाचनालयाचा गिडियन म्हणाला होता,
एकच प्रत आहे, ऱ्होडा, तुझ्यापुढे तिघं.
पहिली पोस्टातली बाबी; चाळिसाव्या पानावर तिचा चहा सांडलाय.
मग मास्तर. त्यांनी छपाईच्या चुका पेन्सिलीने सुधारल्यात,
आणि भिंत पडते तिथे समासात नुसतं "हं" लिहिलंय.
तिसरा कोण, कळत नाही,
पण तीनशेनंतर मधूनच माशाचा खवला सापडतो,
नखाएवढा, पानाला घट्ट चिकटलेला.
त्यालाही हात धुवायला वेळ नव्हता.

शेडमध्ये विचारतात, एवढी घाई कसली?
सिनेमा बघ सरळ, दोन तासांत कळेल सगळं.

गोष्ट अशी आहे :
त्या शहरात रोज पहाटे एकेकाला काट्यावर उभं करतात.
कालच्यापेक्षा वजन भरलं,
तर त्याने रात्रीतून काहीतरी पोटात ठेवलं.
गुपित, राग, एखादं नाव.
त्याला भिंतीपलीकडे नेतात.

काट्यापाशी एक पोऱ्या असतो.
त्याला नाव नाही, चेहरा सांगितलेला नाही,
अख्ख्या पुस्तकात मिळून अकरा पानं.
दोनशे बारावर एक म्हातारी थरथरत काट्यावर चढते,
आणि हा वजनं रचता रचता
त्यांच्या पारड्यावर अंगठा दाबून धरतो.
बस.
पुढच्या वाक्यात लेखिका दुसरीकडेच वळते.

मी मात्र तिथेच थांबले.
शेगडीवर दूध उतू गेलं.

कलिव्होच्या धक्क्यावर मॅग्नी मासळी तोलायचा.
म्हाताऱ्या जेम्सीची टोपली आली
की त्याचा अंगठा हळूच माशांच्या बाजूला टेकायचा,
दोरखंडात सापडून अर्धं नख गेलेला अंगठा.
व्यापारी बघायचा आकाशाकडे. त्यालाही माहीत होतं.
मॅग्नीची होडी गेली त्याला आता नऊ वर्षं झाली.
फोटो आहेत तीन, तिन्हींत हात खिशात.

म्हणून घाई.
शुक्रवारी कुणीतरी देखणा पोरगा त्या काट्यापाशी उभा राहील,
दहाही नखं शाबूत,
आणि मग मला कितीही वाचलं तरी तोच दिसेल.
त्याच्या आत मला ती अकरा पानं
इतक्यांदा वाचायची होती, की कुणी आलं तरी
जागा भरलेली असावी.

शुक्रवारी अंधारात बसलो.
शहर चांगलं होतं. भिंत जरा जास्तच उंच.
काटा आला, आणि मी डोळे मिटायच्या तयारीत,
बाबीचं मनगट धरून.

यंत्र होतं.
काळी काच, लाल आकडे.
शेजारी कुणीही नाही.
म्हातारी चढली, आकडा लागला, तिला नेलं.

बाहेर अकरा वाजता लख्ख उजेड,
आणि मास्तर संतापलेले : अर्धं पुस्तक गाळलं हो!
तो काट्याचा पोऱ्या कुठे गेला?
सगळे माना हलवत होते. मीही हलवली.
हसू येत होतं, ते पोटात ठेवलं.

मंगळवारी पुस्तक परत केलं.
माझ्यामागे रांगेत जेम्सीचा नातू,
सिनेमा दोनदा बघून आलेला.
त्याने ते एका हातावर तोललं.
जड आहे, म्हणाला.
आहे, म्हटलं. दोनशे बाराला सावकाश जा.